टारटमामा

मैद्याला हात लावण्याआधी टारटमामा दोन्ही हात कोपरापर्यंत गार पाण्याच्या रांजणात बुडवून बसत. चांगली दहा मिनिटं. तेवढ्या वेळात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. तो रांजण निराळा होता, न्हाणीच्या कोपऱ्यात ओल्या वाळूवर ठेवलेला, आणि त्यातलं पाणी प्यायची कुणाची छाती नव्हती. सोलापूरच्या चैत्रात घराच्या भिंतीसुद्धा हाताला पोळतात. अशा दिवसांत हा माणूस सदऱ्याच्या बाह्या दुमडून, डोळे मिटून रांजणात हात घालून बसलेला दिसला की नवख्याला वाटायचं, बिचाऱ्याचं डोकं फिरलंय. "गरम हातानं मैदा रुसतोय," मामा सांगत. "येकदा रुसला की लोणी सोडून देतोय. मग तुमी काय बी करा, त्याचा टारट होत नाही, खापर होतंय."

त्यांचे हात मुळात गरमच होते. गिरणीच्या सायझिंग खात्यात, म्हणजे सुताला खळ लावतात त्या खात्यात, त्यांची उभी हयात गेली. खळीची उकळती पिंपं, वाफ, आणि त्यातून सरकत जाणारं सूत. तिथं बाराही महिने उन्हाळा. मामांच्या बोटांची कातडी कायम पांढुरकी आणि सुरकुतलेली असे, धुणं धुणाऱ्या बाईची असते तशी. त्यांचं नाव मल्लय्या. घरात तेलुगू, खात्यात मराठी, आणि बेकरीवाल्याशी दखनी. आमची खोली चाळीत त्यांच्या अगदी समोर. त्यांची मुलगी राजम्मा, आमची राजी, माझ्याच वर्गात होती, म्हणून मीही त्यांना मामा म्हणत असे. 'टारटमामा' हे बारसं चाळीनं केलेलं. टार्टचा टारट करून टाकला तो आम्हीच, आणि मामांनी तो बिनतक्रार चालवून घेतला.

आता सायझिंग खात्यातल्या माणसाला टार्ट कुठून सुचले? तर त्यांची बायको रुक्कम्मा गिरणीच्या बंगल्यावर एका मडमेकडे स्वयंपाकघरात कामाला होती. तिथं ती शिकली. मडम मायदेशी परत गेली तरी रुक्कम्माच्या हातात ती विद्या राहिली, आणि सणावारी ती घरी पाच-सहा टार्ट करायची. राजी सहा वर्षांची असताना रुक्कम्मा तापानं गेली. महिनाभरानं राजीनं अम्माच्या टार्टचा हट्ट धरला. मामांनी बायकोला करताना पाहिलं होतं ते लांबून, तेही अर्धवट लक्ष देऊन. लिहिलेलं काही नव्हतं, आणि असतं तरी काय, रुक्कम्माला लिहिता येत नव्हतं. पण पोरीला 'नाही' म्हणायचं कसं? मामांनी मैदा आणला, लोणी आणलं, आणि पुऱ्यांची कणीक तिंबतात तसा मैदा चांगला अर्धा तास तिंबला.

त्या पहिल्या टार्टची चाळीत पुढं अनेक वर्षं चेष्टा चालली. माझे वडील म्हणत, "मल्लय्या, टारटाबरोबर खलबत्ता पण देत जा." राजीनं मात्र तो टार्ट चहात बुडवून, मऊ करून, सगळा खाल्ला आणि बापाला सांगितलं, "अम्मासारखाच झालाय, नायना." मामांना कळलं होतं, अम्माच्या टार्टला चहा लागत नसे. त्यानंतर दोन वर्षं टार्ट करून बघितल्याशिवाय त्यांनी सुटीचा एक दिवस सोडला नाही. शेवटी स्टेशनकडच्या बेकरीतल्या एका म्हाताऱ्या उस्तादानं त्यांचा हात धरला. "इत्ता मत मारो मैदे कू, मास्टर," तो म्हणाला. "वो भी पलट के मारताय." मळायचं नाही, लोणी नुसतं बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचं, रव्यासारखं झालं की गार पाण्याचे चार थेंब टाकून गोळा जवळ घ्यायचा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवून द्यायचा. त्या दिवसापासून तो रांजण घरात आला.

मामांचं सगळं सामान असं स्वतःच्या डोक्यानं जमवलेलं होतं. साचे पावडरच्या डब्यांच्या झाकणांचे, कन्ना चौकातल्या एका पत्रेवाल्याकडून कडेला चुण्या पाडून घेतलेले. लाटणं म्हणजे गार पाणी भरलेली काचेची बाटली. पोळपाटाऐवजी शहाबादी फरशीचा तुकडा, तोही आदल्या दिवशीपासून ओल्या फडक्याखाली. भट्टी म्हणजे शेगडीवर ठेवलेला तेलाचा रिकामा डबा, तळाशी वाळू घातलेला. साच्यात लाटी बसवली की वर कागद ठेवून त्यात चिंचोके भरायचे, म्हणजे भाजताना बूड फुगून येत नाही. ते चिंचोके वर्षानुवर्षं तेच होते. भाजून भाजून काळे ठिक्कर पडलेले. आम्हा पोरींचा त्यांच्यावर फार डोळा असे, कारण भाजलेले चिंचोके फोडून खायची आम्हाला चटक होती. एकदा मी मूठभर पळवले. मामा फक्त म्हणाले, "खा की. पर दात गेला तर माझ्याकडं यायचं नाही." मी चिंचोके परत आणून दिले.

सगळ्यात वर चकाकी हवी. फळांवर एक पातळ, पारदर्शक लेप लागतो, त्यानं फळं सुकत नाहीत आणि लखलखतात. मडमेकडे त्यासाठी बाटलीतला मुरंबा येत असे म्हणे. मामांनी आरारूट, साखर आणि लिंबू शिजवून आपली खळ तयार केली. हो, ते तिला खळच म्हणत. ती दोन बोटांत धरून बघायची त्यांची रीत खात्यातलीच होती. "खळ कमी पडली तर सूत तुटतंय, जास्ती झाली तर करकरतंय," ते सांगत. "दिसायची नाही आणि असायची, ती खळ." कुठल्या बंगल्यावरच्या मडमेनं इतका विचार केला नसेल.

पण टार्ट सजवायचा तो मामांनी नव्हे. तो मान राजीचा. अकरा-बारा वर्षांची झाल्यापासून तिनं तो हक्कानं घेतला होता. मामा टार्टच्या रिकाम्या टोपल्या भाजून, गार करून, त्यात कस्टर्ड घालून ताट तिच्यापुढं सरकवत आणि स्वतः उंबऱ्यावर जाऊन तिच्याकडं पाठ करून बसत. कितीही वेळ लागो, वळून बघत नसत. "सजवणाऱ्याच्या हाताकडं बघू नये. हात लाजतोय," हे त्यांचं तत्त्व. आत राजी द्राक्षं मधोमध कापायची, डाळिंबाचे दाणे एकेक करून कडेनं लावायची, पपईचे काप असे पातळ करायची की खालचं कस्टर्ड दिसावं. तिला सुचायचं तरी किती! दोन टार्ट कधी सारखे झाले नाहीत. मग ती हाक मारायची, "बघा, नायना." मामा वळायचे, ताटाकडं बघायचे. मग पहिला टार्ट रुक्कम्माच्या फोटोपुढं आणि बाकीचे चाळीत. आम्ही अधाशासारखे दोन घासांत संपवायचो. एवढी सजावट पोटात ढकलताना आम्हाला लाज कशी वाटत नव्हती, कोण जाणे.

बहात्तरचा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या वर्षी राजीनं मामांना सांगितलं की तिला दत्ताशी लग्न करायचंय. दत्ता अकलूजकडचा, मराठ्यांचा पोरगा. सोलापुरात शिकायला होता आणि आता तिकडच्या एका साखर कारखान्यात फिटर म्हणून लागला होता. पोरगा चांगला होता, हे मामांनाही ठाऊक होतं. ते तीन दिवस काही बोलले नाहीत. जातीतली चार वडीलधारी माणसं येऊन बसून गेली. चौथ्या दिवशी मामा एकच वाक्य बोलले, "जा, आणि पुन्हा ह्या उंबऱ्यात पाय ठेवू नको." राजी बापाचीच लेक. ती गेली, आणि जाताना मला म्हणाली, "कमळे, आता नायना स्वतः न्यायला आले तरच यीन."

त्यानंतर मामांनी टार्ट करणं सोडलं नाही. सोडलं असतं तर एक वेळ बरं वाटलं असतं. ते टोपल्या भाजायचे, कस्टर्ड घालायचे, आणि तसेच बोडके चाळीत वाटायचे. कुणी म्हटलं, "मामा, वर काय नाही का?" तर म्हणायचे, "वर काय नाही. खायचं तर खावा." एकदा मला राहवलं नाही, मी म्हटलं, मी सजवते. त्यांनी ताट माझ्यापुढं ठेवलं आणि नेहमीसारखे पाठ करून उंबऱ्यावर बसले. मी जीव ओतून सजवलं आणि हाक मारली. ते वळले, "चांगलं झालंय की," म्हणाले, आणि त्यांनी त्यातला एकही खाल्ला नाही.

याच सुमारास मला अकलूजच्या शाळेत नोकरी लागली. महिन्यातून एकदा मी सोलापूरला येत असे. राजी कारखान्याच्या वसाहतीत राहायची, शाळेपासून फार लांब नव्हती, तेव्हा तिच्याकडं जाणंयेणं होतंच. एका खेपेला मी मामांना सांगितलं की राजीला दिवस गेलेत. ते ऐकून उठले आणि न्हाणीत गेले. मला वाटलं तोंड धुवायला गेले. बघते तर रांजणात हात घालून बसलेले.

दुसऱ्या दिवशी एसटीला निघताना त्यांनी माझ्या हातात ॲल्युमिनियमचा मोठा डबा दिला. आत गिरणीतल्या सुताच्या गुंतवळीत गुंडाळलेल्या सहा टोपल्या, आणि बाजूला बाटलीत खळ. "कस्टर्ड तिथं करू दे. फळं तिथं मिळतील. सजवायचं तिचं ती बघंल," ते म्हणाले. "तिला काय सांगायचं नाही. नुसतं द्यायचं." तोंडानं जे जमत नव्हतं ते हा माणूस हातानं करत होता, हे मला समजलं. मी तीन तास तो डबा मांडीवर घेऊन बसले, खाली ठेवला नाही.

राजीनं डबा उघडला, वास घेतला, आणि तिचे डोळे भरून आले. मग तिनं झाकण लावलं.

"परत ने हे, कमळे."

"अगं, सहा तास खपून केलेत त्यांनी."

"म्हणून तर. नायनांना सांग, हातानं आणून द्या म्हणावं. मी त्यांच्यासमोर सजवीन, ते दाराकडं तोंड करून बसू दे. माझं दार उघडंच हाय. तू नुसतं एवढं सांग, 'या' म्हणलीया राजी."

किती सोपा निरोप होता! 'या' म्हणालीय राजी. एवढे तीन शब्द मला सोलापूरपर्यंत न्यायचे होते.

डबा मी खोलीवर आणला. परत न्यावा तर मामांना काय वाटेल? शेवटी पुढच्या शनिवारी शाळेच्या मागच्या व्हरांड्यात बसून मी त्यातले दोन टार्ट कोरडेच खाल्ले आणि उरलेले मुलींना वाटले. सोलापूरला गेले तर मामा दारातच उभे. चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत.

"खाल्लं का?"

त्यांचा चेहरा बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "खाल्लं की. दोन खाल्ले एका दमात."

आणि हे बोलल्याबरोबर मला उमगलं की आता 'या' हा निरोप मला देता येणार नाही. तो दिला तर मामा लगेच निघणार, आणि तिथं पोचल्यावर पहिलाच प्रश्न विचारणार, आवडलं का गं? माझं खोटं मग कुठं लपणार? मी मनाशी म्हटलं, पुढच्या खेपेला सांगू. जुळवून सांगू. एवढ्यात मामांनी दुसरा प्रश्न टाकला, "सजवलं कसं होतं?"

मी सजवलं. तिथल्या तिथं, उभ्या उभ्या. मधोमध एक अख्खं द्राक्ष आणि भोवती डाळिंबाचे दाणे, दोन ओळी. मामांनी डोळे मिटून ते पाहिलं. "दोन वळी," ते म्हणाले. "आधी येकच लावायची."

अशा पाच खेपा झाल्या. उन्हाळ्यात मामा पाठवत नसत, बाकी दोन-तीन महिन्यांनी एक डबा तयार असायचाच. पहिल्या नकारानंतर मी डबा राजीकडं नेलाच नाही, तो शाळेतल्या मुलींतच संपायचा. तिच्याकडं मोकळ्या हातानं जायची. ती विचारायची, "निरोप दिलास?" मी म्हणायची, "दिला." "काय म्हणले?" "काही बोलले नाहीत." बोलले नाहीत, हे मामांच्या बाबतीत कुणालाही खरं वाटण्यासारखं होतं. तिसऱ्यांदा राजीनं विचारलं, त्यानंतर विचारणं सोडून दिलं. आणि सोलापूरला येताना एसटीच्या तीन तासांत मी डोळे मिटून टार्ट सजवायची. खरं सांगते, मला त्याची गोडी लागली होती. पपईच्या कापांचं कमळ केलं. काळ्या आणि हिरव्या द्राक्षांची चौकट केली. एकदा केळ्याचे काप लावले, तर मामा चमकले. "केळं? राजी केळं लावायची नाही. काळं पडतंय ते." मी म्हटलं, लिंबू चोळून लावलं होतं. "हां," ते म्हणाले, "मग बरोबर. शिकली पोरगी."

राजीला मुलगी झाली, तेव्हा मी चेरीचा पाळणा काढला. चार चेऱ्या, पपईच्या कापाची झोळी आणि आत डाळिंबाचा एक दाणा, तो म्हणजे बाळ. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि ठसक्याच्या निमित्तानं डोळे पुसून झाले. आठवडाभर खात्यात भेटेल त्याला ते हा पाळणा सांगत होते म्हणे. चाळीतल्या बायका मला म्हणायच्या, "कमल, तुझ्यामुळं त्या माणसात जीव आलाय बघ." मी मान खाली घालून ऐकून घेत असे. त्यांना वाटे, पोर किती नम्र.

शेवटचा डबा संक्रांतीच्या आधीचा. त्या दिवशी मामा चिंचोके निवडत बसले होते. मी नातीचं वर्णन करत होते. तेवढं तरी खरं असायचं. मधेच मी धीर करून म्हटलं, "मामा, एकदा चला ना माझ्याबरोबर."

त्यांनी मान हलवली. "बिड्डा, लेकरा, मी 'जा' म्हणलेला माणूस. थुंकलेलं गिळून कुठल्या तोंडानं जाऊ? आणि न बोलावता बाप लेकीच्या दारात जात नसतोय." मग म्हणाले, "ती नुसतं 'या' म्हणू दे. एसटीची वाट नाही बघायचा मी. चालत जाईन अकलूजला."

माझ्या तोंडात शब्द आले होते. दोन वर्षांपूर्वीच म्हणालीय ती, मामा. चला, आत्ता निघू. तेवढ्यात ते म्हणाले, "नाय म्हणली तरी ठीक हाय. माझ्या हातचं खातीया, सजवतीया. तेवढ्यावर चाललंय माझं." आणि मी तोंड मिटलं. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की म्हाताऱ्याचा आधार काढून घ्यायला नको. आज सांगते ते असं, की मला माझी फजिती नको होती. त्या बापलेकीपेक्षा मला माझी लाज मोठी वाटली.

मामा एप्रिलात गेले. कामावरून आले, छातीत कळ येतेय म्हणून भिंतीला टेकून बसले, ते बसलेच. माझ्या भावाची तार शाळेत आली. मी वर्ग सोडून तशीच कारखान्याच्या वसाहतीत पळत गेले. राजी, दत्ता, त्यांची दीड वर्षाची पोर आणि मी, मिळेल त्या एसटीनं निघालो. राजी रडली नाही. वाटेत एकदाच बोलली. "त्यांनी काय माझा उंबरा वलांडला न्हाय कमळे, आणि बघ, मी चालले त्यांच्यात." चाळीत पोचलो तेव्हा लोक तिच्यासाठी थांबले होते. उंबऱ्याशी ती घुटमळली, तेव्हा माझ्या आईनं तिला दंडाला धरून आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सायझिंग खात्यातली माणसं भेटायला आली. त्यांच्यात नरसय्या म्हणून एक म्हातारे होते, मामांच्या शेजारच्या यंत्रावर वीस वर्षं काढलेले. त्यांनी राजीच्या डोक्यावर हात ठेवला. "बिड्डा, तुझ्या त्या चेरीच्या पाळण्यानं आमच्या मल्लय्याला वेड लावलं हुतं की," ते म्हणाले. "आणि लिंबू चोळून केळं लावलंस ते. खात्यात सगळ्यांना तोंडपाठ हाय. काय हात म्हणायचा तुझा!"

"कसला पाळणा?" राजी म्हणाली.

मग ती माझ्याकडं वळली. मी खाली बघितलं. एवढं तिला पुरलं.

माणसं गेल्यावर ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. ओरडेल, हात उगारेल असं वाटलं होतं. ते झालं असतं तर मी उपकार मानले असते. ती शहाबादी फरशीच्या तुकड्याजवळ बसली, पोरीला पुढ्यात घेतलं आणि म्हणाली, "माझा निरोप त्यांना पोचलाच न्हाय ना?"

"नाही."

"आणि मी सजवत हुते, असं सांगत हुतीस."

"हो."

तिनं पोरीच्या केसांतून हात फिरवला. मग म्हणाली, "सांग मग. काय काय केलं मी? सगळं सांग."

मी सांगितलं. पाचही टार्ट सांगितले. मधलं द्राक्ष आणि डाळिंबाच्या दोन ओळी, पपईचं कमळ, केळं, पाळणा, द्राक्षांची चौकट. प्रत्येक वेळी मामा काय म्हणाले तेही सांगितलं. ती सगळं ऐकत होती, मधेच एखादं पुन्हा सांगायला लावत होती. पाळण्यावर मामा कसे हसले ते तिनं दोनदा ऐकलं. माझ्या तोंडून आलेलं ते खोटं ती घास घेतल्यासारखं घेत होती, आणि मला वाटलं, आता जे खरं आहे तेही हिला दिलं पाहिजे. तेवढंच तर माझ्याकडं देण्यासारखं होतं.

म्हणून मी तिला संक्रांतीच्या आधीची गोष्ट सांगितली. म्हटलं, "राजी, मामा म्हणाले होते, तू नुसतं 'या' म्हणालीस तर ते एसटीची वाट बघणार नाहीत. अकलूजला चालत येतील म्हणाले होते. अगदी ह्याच शब्दांत."

राजीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आदल्या दिवसापासून पहिल्यांदा काहीतरी हललं. "हे तरी खरं हाय का गं, कमळे?" तिनं विचारलं.

ते खरं होतं. देवाशपथ खरं होतं. मी शपथ घ्यायला तिच्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवू गेले, आणि राजीनं पोर मागं ओढून घेतली.